दुबई तीन तासांवर

मोबाईल यायच्या आधी भोरच्या स्टँडसमोर माझं एसटीडी बूथ होतं. पुण्याच्या एका एजंटाकडून विमानाची तिकिटंही काढून द्यायचो. तिकीट महिन्यातून एखादं खपायचं, किस्से मात्र रोज! बूथ बंद झालं, पण ते किस्से काही डोक्यातली जागा सोडत नाहीत.

*

पहिला धक्का नानांचा. नाना म्हणजे एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, माझ्या बाकड्यावरचे कायमचे पाहुणे. मी सहज बोलून गेलो, "नाना, मुंबई-दुबई एकोणीसशे किलोमीटर, विमानाला तीन तास!"

नानांची बशी तोंडाशीच थांबली. "तीन तास? आरं, तेवढा येळ आमाला महाडला जायला लागायचा!"

मग दिवसभर स्टँडवर सांगत सुटले, "दुबई लई लांब न्हाई. महाडाएवढीच हाय!"

मी कपाळाला हात लावला.

*

दर शुक्रवारी दुपारी खातूनचाची यायच्या. त्यांचा इक्बाल दुबईत गॅरेजमध्ये होता, त्याचा फोन माझ्याकडे यायचा. सहा वर्षांत तो एकदाही आला नव्हता. आता बहिणीचं लग्न ठरलं होतं. चाची दर वेळी विचारायच्या, "लग्नाला येतूस न्हवं?" आणि दर वेळी फोन ठेवून मला सांगायच्या, "लई लांब हाय म्हनतो. जान्यायेन्यातच सुट्टी सरती."

मी हिशेबाच्या वहीत डोकं घालायचो. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला बोलायचं!

*

वेल्ह्याचे एक पाटील मुलाकडे मस्कतला निघाले होते. "मधी च्याला कुठं थांबतं?"

"कुठंच नाही पाटील. खाणंपिणं आतच देतात."

"आन मधीच कुनाला उतरायचं आसंल तर?"

"उतरता येत नाही."

पाटील हादरलेच. "मग कंडक्टर करतो काय?"

*

सगळ्यात मोठा गोंधळ घातला तो आमच्या गणिताच्या मास्तरांनी! लेकीकडे दुबईला जायचं तिकीट हातात घेऊन ते बूथवर उभे. मुंबईहून सुटणार दहाला, पोचणार साडेअकराला. परत येताना एकला सुटणार, मुंबईत साडेपाचला.

"जाताना दीड तास आणि येताना साडेचार? छपाई चुकलीय!"

नाना बाकड्यावरून म्हणाले, "चुकलं न्हाई मास्तर. जाताना उतार आसनार, येताना चढ. वरंध घाटात न्हाई का व्हत तसं?"

आणि मास्तरांनी मान डोलावली हो! गणिताच्या मास्तरांनी! मी ओरडूनच सांगितलं, "अहो, तिथलं घड्याळ दीड तास मागं असतं! जाताना तीन तास, येतानाही तीनच!"

नानांना काही पटलं नाही. मास्तर मात्र बोटांवर मोजून ओशाळले.

तो शुक्रवार होता. खातूनचाची स्टुलावर बसून सगळं ऐकत होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"भाऊ, येतानाबी तीनच?" त्यांनी हळूच विचारलं.

आता काय खोटं बोलणार! "व्हय चाची."

फोन वाजला. मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

चाचींनी आज तब्येत विचारली नाही, लग्नाचंही काढलं नाही.

"इक्बाल, तीन तासांचा रस्ता हाय म्हनं. सा वर्सं झाली वाट बगते. कुठपत्तूर आलास, बेटा?"