फिर्यादीच्या पाठीवरचे चार वळ

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण ती तीस साक्षीदारांसमोर घडली आणि ते तीसही जण आज डॉक्टर आहेत, त्यामुळे ती विसरली जाण्याची शक्यता कमीच. मी सांगितली नाही तर त्यांच्यापैकी कोणीतरी तिखटमीठ लावून सांगणार. त्यापेक्षा मीच सांगतो.

तेव्हा मी चिखली तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. एवढी नोकरी झाली की माणसाला दोन आजार जडतात. एक रक्तदाब, आणि दुसरा म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटणं. पहिल्यावर गोळी मिळते.

एका सोमवारी दुपारी अमडापूरकडच्या एका गावातून पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, धुऱ्यावरून भांडण झालं. एकाले लई मारलं, पाठ काळी पडली त्याची. ठाण्यात येऊन राह्यला." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्याकडे धुऱ्याच्या भांडणात बहुधा दोन्ही बाजू ठाण्यात येतात आणि दोघंही मार खाल्ल्याचं सांगतात. इथे एकच आला आणि शर्ट काढून उभा राहिला. पाठीवर चार लांब काळपट वळ, दंडावर दोन. सोबत प्रत्यक्षदर्शी साक्षीदारही होता, उंद्रीचा त्याचा साडू. साडूच्या उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. विचारलं तर म्हणाला, सोंगणी करताना विळा लागला. त्याने डाव्या हाताने कशीबशी सही केली. आमचे जमादार गहिवरले. "साहेब, हाताले लागलं असून साक्ष द्याले आला. असे लोक राह्यले नाहीत आता."

फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला, स्टेशन डायरीला नोंद केली, जखमीला यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांच्या मागे बाळंतपणांची रांग होती. त्यांनी पाठ बघितली आणि प्रमाणपत्र दिलं, कठीण व बोथट वस्तूने झालेला मुका मार. फिर्यादीने मला भरती करून घ्या म्हणून हट्ट धरला, तेव्हा त्याला एक खाटही दिली.

आरोपी न बोलावता ठाण्यात आला. शेजारच्या शेतातला चोवीस वर्षांचा तरुण. वडील नव्हते, आई दोन एकर कसायची. "जय भीम साहेब," म्हणाला आणि सरळ उभा राहिला. "तोंडातोंडी झाली आमची. हात नाही लावला म्या." एवढंच. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, हे मी नव्या शिपायांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. हा मोजकं बोलला, तर मी ठरवलं की पोरगं बेरकी आहे.

गंमत म्हणजे त्याचा कागद आधीच माझ्या टेबलावर होता. पोलीस भरतीत त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्याकडून जायची होती. त्यावर मी 'गुन्हा दाखल' असा शेरा मारला की त्याची नोकरी गेली. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर दुपारभर बसून होती. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा पुरावा नव्हे, असं मी स्वतःला बजावलं. जमादारांनी त्याच्या घरून काठी जप्त करून आणली, पंचनामा केला, लाखेचं सील लावलं. या जिल्ह्यात काठी नसलेलं घर नाही. पोलिसाला काठी हवी असली की ती मिळतेच. शेरा बुधवारी संध्याकाळी लिहायचा असं मी ठरवलं.

बुधवारी सकाळी वैद्यकीय महाविद्यालयातून न्यायवैद्यकशास्त्राच्या मॅडम आपली तीस मुलांची तुकडी घेऊन ग्रामीण रुग्णालयात आल्या. पोस्टमॉर्टेम, विषबाधा, मारहाण यांचे कागद प्रत्यक्षात कसे होतात ते मुलांना दाखवायचं होतं. त्यांनी मला निरोप धाडला होता, पोलिसांना डॉक्टरांकडून काय हवं असतं यावर अर्धा तास बोला. मी इस्त्रीचा गणवेश चढवला. जमादारांना सांगितलं, ती सीलबंद काठी सोबत घ्या, पोरांना दाखवू.

भाषण झकास झालं. मुलं लिहून घेत होती, ते पाहून मला आणखी चेव आला. "पुस्तकात किती वाचाल?" मी म्हणालो. "चला, काठीचा मार कसा असतो तो प्रत्यक्ष दाखवतो." आणि सगळी वरात घेऊन मी फिर्यादीच्या खाटेपाशी गेलो. मॅडमनी त्याची परवानगी विचारली. तीस डॉक्टर आपली पाठ बघणार म्हटल्यावर त्याला आनंदच झाला.

मॅडम बारीक चणीच्या, आवाज हळू. त्यांनी पाठ पाहिली. मुलांना म्हणाल्या, "निदान शेवटी. आधी फक्त काय दिसतं ते सांगा." पहिल्या नंबरचा एक चष्मेवाला पुढे झाला आणि त्याने रुग्णालयाचं प्रमाणपत्र जवळजवळ शब्दशः म्हणून दाखवलं. मी मान डोलावली. मॅडमनी नाही डोलावली.

"सर, सोमवारी याचा रंग कसा होता?" त्यांनी मला विचारलं.

"असाच. काळपट."

"मुका मार रंग बदलतो ना? आधी लाल, मग निळा, हिरवट, पिवळा. आज तिसरा दिवस. याची सुरुवातही झालेली दिसत नाही. बरं, कडेला काय आहे?"

मुलं वाकली. कडेला बारीक बारीक फोड होते. मी म्हणालो, उन्हाळ्याचे असतील. एवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पेशंट खाजवून राह्यला." सुलतानपूरची होती ती. ठेवणीतलं मराठी विसरून बोलली म्हणून दोघं-तिघं हसले. ती लाजली, पण थांबली नाही. "म्हणजे, आपण आलो तेव्हापासून तो खाटेच्या गजाला पाठ घासतोय. मार दुखतो मॅडम, खाजत नाही. आमच्या आजीच्या पायात काटा मोडला की ती बिब्ब्याचा चटका द्यायची. एकदा तो उतला होता, तेव्हा अगदी असंच झालं होतं."

बिब्बा कोणाला माहीत नाही? घरोघरी डब्यात असतो. त्याचं तेल कातडीला लागलं की काळा डाग पडतो, फोड येतात, आग होते आणि खाज सुटते. माझ्या लहानपणी मलाही उतला होता. पण मी ठाणेदार होतो आणि माझ्याकडे प्रमाणपत्र होतं, म्हणून मला तो दिसला नाही.

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "आता पुढचा प्रश्न. पाठीवर हात कोणाचा पोचतो?"

"दुसऱ्याचा," सगळी मुलं एका सुरात म्हणाली.

"आणि लावणाऱ्याच्या बोटांचं काय होतं?"

माझ्या डोळ्यांसमोर तो रुमाल आला. जमादारांच्याही आला असावा, कारण ते काठी पाठीमागे लपवायला लागले. साडू बाहेर व्हरांड्यात बिडी ओढत होता, डाव्या हाताने. मी त्याला आत बोलावलं आणि रुमाल सोडायला लावला. अंगठा आणि चार बोटं, सगळ्यांची टोकं काळी आणि फोडांनी टरारलेली.

"विळा लागला साहेब," तो म्हणाला.

"पाचही बोटांले?" मी विचारलं. रागावलो की माझीही बोली बाहेर येते. "विळा होता का दाताळं बे?"

तो गप्प. चौकशीची माझी एक पद्धत आहे, मीही गप्प बसतो. समोरचा शांततेला घाबरून बोलायला लागतो. ही पद्धत नेहमी चालते, पण त्या दिवशी तिची गरज पडली नाही, कारण दारातून फिर्यादीची बायको डबा घेऊन आत आली. गर्दी पाहून ती दचकली, मग तिची नजर साडूच्या बोटांवर गेली.

"अगं माय," ती म्हणाली. "बिब्बा फोडला अन् हाताले तेल नाही लावलं? लहान लेकराले समजते इतकं. तरीच मी म्हणून राह्यली, डब्यातले बिब्बे कमी कसे झाले." तिने पिशवी खाली ठेवली. "काऊन लागत होते तुम्हाले? मले मागतले असते, म्या नीट फोडून देल्ले असते."

फिर्यादीने डोळे मिटून घेतले. तपास त्या बाईने एका वाक्यात पूर्ण केला, आणि ते तिच्या गावीही नव्हतं. बाईमाणसाला विचारलं असतं तर त्या दोघांचं कारस्थान बहुतेक पार पडलं असतं. पण पुरुषांचं काम म्हणून त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं.

जबाब तिथेच झाला. "त्यानं मारलं नाही साहेब," फिर्यादी म्हणाला. "पोरगं पोलीस झालं तं धुरा गेलाच ना मंग आमचा. पोलिसाच्या वावराले कोण अडवते?" मी त्याला रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आमच्या खात्याबद्दल लोकांना काय वाटतं ते तो प्रामाणिकपणे सांगत होता.

मॅडमनी पाठीचे फोटो घेतले. महाविद्यालयाच्या संग्रहात लागणार म्हटल्यावर फिर्यादीने विचारलं, "चेहरा येईन का त्यात?" निघताना त्या चष्मेवाल्याने मला विचारलं, "सर, मग त्या काठीचं काय?"

"ती बकऱ्या हाकायची आहे," मी म्हणालो.

खोटी फिर्याद म्हणून कोर्टात ब समरीचा अहवाल पाठवला, काठी परत केली आणि पडताळणीच्या कागदावर 'आक्षेप नाही' लिहिलं. पुढे निवृत्त होईपर्यंत दर वर्षी मॅडम मला नव्या तुकडीसमोर बोलवायच्या आणि ओळख करून द्यायच्या, "मुलांनो, हेच ते साहेब." मीही हौसेने जायचो. आपल्या चुकीचा कोणाला तरी उपयोग होतो, यात वेगळंच समाधान असतं.

पण एक गोष्ट मी त्या मुलांना कधी सांगितली नाही. तो तरुण प्रशिक्षणाला निघण्याआधी ठाण्यात आला होता. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, थोडी चेष्टाही केली. तो हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "साहेब, एक इचारू का? त्या मॅडम बुधवारी न येता गुरुवारी आल्या असत्या तं?"

खोटं सांगणं सोपं होतं. तपास चालूच होता, सत्य बाहेर आलंच असतं, असं काहीतरी. पण त्याला उद्यापासून हेच काम करायचं होतं.

"शेरा लिहून झाला असता," मी म्हणालो. "कागद सगळे बरोबर होते."

त्याने उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "हाव साहेब. माय बी तेच म्हणत होती." आणि जाताना त्याने मला सॅल्यूट केला, अजून नीट जमत नव्हता तसा. तीस वर्षांत मी हजारो सॅल्यूट घेतले. तो घेताना माझा हात वर जायला उशीर लागला.