धोंडूबाईने पाहिलेले पाय

वटारच्या धोंडूबाईला गावातली निम्मी माणसं पायांवरून ओळखता यायची. यात जादूटोणा नव्हता. तीस वर्षं ती केळीच्या पानांचे भारे डोक्यावरून वाहत होती. पानांची टोकं पार नाकापर्यंत लोंबायची, मग बाईला दिसणार काय? वाट आणि वाटेवरचे पाय. भारा उतरला की मात्र ती चारचौघांसारखी तोंडं बघायची आणि पाय विसरायची.

१९९६च्या फेब्रुवारीत भर दुपारी केळीच्या वाडीच्या बांधावर एडवर्डला कुणीतरी गोळ्या घातल्या. एडवर्ड म्हणजे गावाचा पुढारी. बागायत बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून निवडणुकीला उभा राहिलेला. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी नारळ पाडणाऱ्या दीपेशला उचललं. त्याचं एडवर्डशी आठवड्यापूर्वीच कडाक्याचं वाजलं होतं. साक्षीदार दोनच. वाडीवाला प्लासिड म्हणाला, दीपेशला पळताना मी डोळ्यांनी पाहिलं. धोंडूबाई म्हणाली, मारणारा पळालाच नाही, माझ्या शेजारून चालत गेला.

“आनि दीपेश जन्मात चप्पल घालत नाय, साहेब. ह्याच्या पायात चपला होत्या. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं.”

“आणि तोंड?”

“भाऱ्याखालून तोंड कसं दिसेल?”

फौजदार पोट धरून हसला. जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यात पाय नव्हतेच. ‘इसमास पाहिले नाही’ एवढंच होतं. तिने कुरकुरत अंगठा उठवला. “बोटाचं कुणाला बोलू नका हां, मावशी,” असं मात्र त्याने दोनदा बजावलं. तिनेही शब्द पाळला, घरच्यांनासुद्धा सांगितलं नाही.

मग गावात जो तो वकील झाला. कुणी म्हणे बिल्डरची सुपारी, कुणी म्हणे विरोधी पार्टी, कुणी कानाशी लागून म्हणे, घरचाच भेदी. प्लासिडला कुणीतरी फितवलंय आणि म्हातारीला दीपेशच्या आईने पढवलंय, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. धोंडूबाईला स्वतःलाही प्लासिडचा संशय होताच. वीस वर्षं तिच्या ओटीवर चहा प्यायलेला माणूस आता तिला बघून वाट बदलत होता. शेवटी एकदा तिने त्याला विहिरीपाशी गाठलं.

“दीपेश पलत कुठं होता रे?”

प्लासिडने मान खाली घातली. “एडवर्डकडे. गोळीचा आवाज आल्यावर.”

“मग हे सांगितलं का नाय?”

“मला तसं कुणी विचारलंच नाही, मावशी.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगं तीन महिने आत सडत होतं, आणि ह्याला कुणी विचारलं नाही!

मे महिन्यात शाळेच्या पटांगणात सभा भरली. बोलावली होती जयवंतने. हा एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीतला, एडवर्डचा उजवा हात, आता त्याच्या जागी उमेदवार. दीपेशला जामीन मिळू नये अशा अर्जावर त्याला साऱ्या गावाच्या सह्या हव्या होत्या. कागद फिरायला लागला तशी धोंडूबाई उठली.

“दीपेश नव्हता तो.”

“आजी,” जयवंत पुढच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवरून गोड आवाजात म्हणाला, “तुम्ही काहीच पाहिलं नाही, असा तुमचाच जबाब आहे.”

“पाय बगितले मी.”

“मग ओळखा की पाय!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

“ओळखते. भारा द्या डोक्यावर.”

हशा आणखी वाढला. पण प्लासिड उठला, कुंपणाबाहेर ठेवलेला तिचाच भारा घेऊन आला आणि खाली मान घालून त्याने तो तिच्या डोक्यावर चढवला.

धोंडूबाई पुढच्या रांगेसमोरून चालू लागली. आता तिला तोंडं दिसेनात. भेगाळलेल्या टाचा, रबरी चपला, सरपंचांची सुजलेली पावलं, कुणाच्या नखात अडकलेली माती. लोक हसत होते. शेवटच्या खुर्चीपाशी ती थबकली. वैशाखाच्या उन्हात तिथे मोजे होते आणि नवेकोरे काळे बूट.

ते बोट तिने एका फौजदाराला सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. बूट हळूच खुर्चीखाली सरकले. आता कुणी हसत नव्हतं.

“जयवंता,” ती म्हणाली, “बूट काढ, बाबा.”