मालकांचा आवाज

"एवढ्या लांब परदेशात डोंगर चढायला गेलात, आणि खिंड न ओलांडताच आलात? मग मिळालं काय? त्यापरीस आपला पन्हाळा काय वाईट होता?" कोल्हापुरात हे मला इतक्या जणांनी विचारलंय, की आता डोकंच फिरतं.

आमच्या मालकांचा, म्हणजे ह्यांचा, लेथ मशीनचा कारखाना. दिवसभर त्या खडखडाटात बोलून आवाज असा झालेला, की घरात मीठ मागितलं तरी शेजारीण दचकायची. काठमांडूला विमानातनं उतरल्या उतरल्या वाट अडवून उभ्या असलेल्या एका गोऱ्याला "ओ पावणं, वाईच सरका की!" म्हणून ओरडले. तो सरकलाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. नेपाळातली ती बर्फाची खिंड त्यांनी कॉलेजात असल्यापासून मनात धरलेली. त्यासाठी वर्षभर दर रविवारी आम्ही पन्हाळा पायथ्यापासून चढत होतो.

खिंड चढायच्या दिवशी सकाळी चहा आला तो कोमट आणि बिनसाखरेचा. आता भडका उडणार म्हणून मी अंग चोरून बसले. "चांगलाय," म्हणाले, तेही हळू. देव पावला, म्हटलं! लग्नाला वीस वर्षं झाली, आज कुठं शांतता.

वाटेत मी विचारलं, "जरा थांबू या का?"

"तू म्हणशील तसं."

हे वाक्य या माणसाच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. फार उंचावर गेलं की एखाद्याच्या मेंदूला सूज येते, माणूस वेगळाच वागायला लागतो, वेळेवर खाली नेलं नाही तर माणूस हातचा जातो, हे त्यांनीच मला घरी दहादा बजावलं होतं.

आमचा नेपाळी गाईड भला माणूस. त्यानं विचारलं, "सर, सिर दुखता है?" हे म्हणाले, "न्हाय." गाईड मला म्हणाला, थकलेत फक्त. खिंड समोर दिसतेय, आभाळ स्वच्छ आहे, उद्याचा भरवसा नाही. त्याला वाटत होतं, साहेब मुळातच गरीब स्वभावाचे. कसले गरीब, कर्म माझं! त्यांना ओळखणारी त्या डोंगरावर मी एकटीच होते. आणि माझं चुकलं असतं तर? तुझ्या भित्रेपणापायी खिंड हुकली, हे मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "अहो, आपल्या कारखान्यात मशीनं किती?"

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बघून सांगतो."

मग मात्र मी ओरडले. "नीचे! अभी के अभी नीचे!" गाईड दचकून दोन पावलं मागं सरकला. एक दंड त्यानं धरला, एक मी. दगडादगडांवर ते झोकांड्या खात होते. मध्येच खाली बसले आणि शहाण्या मुलासारखं म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो." मी रडत होते, शिव्या देत होते, कॉलर धरून ओढत होते. "उठा! उठा म्हणते ना! इथं बसायचं न्हाय!" लाजलज्जा सगळी त्या बर्फात राहिली.

दुपार कलताना आम्ही खालच्या गावात पोचलो. लॉजवालीनं लसणाचं सूप आणून ठेवलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि डोळे मिटून बसले. मी त्यांच्या छातीकडं बघत राहिले, वरखाली होतेय का म्हणून. सूप पार गार झालं. मग त्यांनी डोळे उघडले, पुन्हा एक घोट घेतला आणि वाटी टेबलावर आपटली.

"ह्याला सूप म्हणत्यात व्हय? तिखट न्हाय, मीठ न्हाय! आणि कुणाला इचारून खाली आणलंस गं मला? आँ?"

सगळं लॉज आमच्याकडं बघायला लागलं. मला हुंदका आवरेना.

"रडतीस कशाला? मेलो न्हाय मी अजून!"

"व्हय," मी म्हटलं. "ओरडा. अजून मोठ्यानं ओरडा."