अंबाडीचं दावं

आमच्या जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, गेला आणि दुसरा एकटा उरला. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. एकट्या बैलानं शेत होत नाही, म्हणून मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, त्याला चांदूर बाजाराकडच्या जत्रेत विकायचं ठरवलं. मी नवी सून. वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन त्यांच्यासोबत निघाले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आल्या नाहीत. हा बैल म्हणजे आई मेलेलं वासरू, त्यांनीच हातानं दूध पाजून वाढवलेलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "दावं तेवढं वापस आनजा."

आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. हे दावं तर आत्याबाईंनी स्वतः वळलेलं, बैलाच्या मानेला खुपू नये म्हणून अंबाडीच्या धाग्यांत आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घालून.

जत्रेत माझा जीव बांगड्यांच्या दुकानांत अडकलेला, पण नव्या सुनेला कोण विचारतो. गिऱ्हाईक मात्र भलं मिळालं. त्याच्याकडेही एकच बैल उरला होता. सौदा झाला, मामाजींनी जुनं दावं सोडून खांद्यावर टाकलं, त्या माणसानं नवं बांधलं, आणि बैल जो बसला तो बसलाच. चुचकारून झालं, ओढून झालं. कुणीतरी शेपूट पिरगाळायला पुढे आला, तसे मामाजी मध्ये शिरले. त्यांनी खांद्यावरचं दावं पुन्हा त्याच्या गळ्यात बांधलं. बैलानं ते हुंगलं, उठला आणि परक्या माणसामागं मुकाट चालू लागला.

गावात कुणाला न भिणारा माणूस, पण घर जवळ आलं तशी मामाजींची चाल मंदावली.

"पोरी, तूच सांगशील काय तिले?"

"तुमीच सांगा, मामाजी."

आत्याबाई अंगणातच उभ्या होत्या. त्यांनी मामाजींचा मोकळा खांदा पाहिला.

"दावं?"

"त्याच्याच गयात हाये. नव्या दाव्यानं उठूनच नाही राहिला तो."

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. आत्याबाईंच्या तोंडाचा पट्टा साऱ्या गावाला ठाऊक होता. पण त्यांनी हळूच विचारलं, "मंग? मारलं काय त्याले कोनी?"

"नाही. जुनं बांधलं तं उठला."

त्या ओट्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मला पाणी द्यायचंही सुचेना. बऱ्याच वेळानं डोळे पुसत म्हणाल्या, "बरकत गेली तं जाऊ द्या. नव्या घरी त्याले झोप तं लागन."