पेपर प्लेट्स तू आण

माझी पाटोडी वॉशिंग मशीनवर ठेवलेली होती.

काकूंनी मला बेसमेंटमधून कोकच्या बाटल्या आणायला पाठवलं होतं. खाली जाऊन दिवा लावला तर समोर माझं भांडं, बेसनाच्या वड्यांच्या रश्शाचं. वरचा फॉइल जसाच्या तसा. शेजारी कपड्यांच्या साबणाचा डबा. वर डायनिंग टेबलावर सगळ्यांच्या भाज्या, कोशिंबिरी, खिरी ओळीनं मांडलेल्या, आणि लोक वा वा करत वाढून घेत होते. मी बाटल्या उचलल्या. वर आले. म्हटलं, टेबलावर जागा नसेल. भरलेलं भांडं तसंच परत घेऊन रूमवर आले आणि चार दिवस तेच खाल्लं.

ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. नागपूरला डॉक्टर झाले आणि पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायला अमेरिकेत, ॲन आर्बरला आले. काका-काकू नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना तसं म्हणायचे. काका तिथल्या हॉस्पिटलात मोठे डॉक्टर. गावातली सगळी मराठी घरं त्यांच्या आणि काकूंच्या शब्दावर चालायची. सण त्यांच्याकडेच व्हायचे, तेही शनिवारी, आणि प्रत्येकानं आपल्या घरून एकेक पदार्थ करून आणायचा. पॉटलक म्हणतात त्याला.

सुरुवातीला त्यांनी मला लेकीसारखं घरात घेतलं. मी पोळ्या लाटायचे, काकू भाजायच्या. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळत नाही. एकदा काकांनी विचारलं, स्कॉलरशिप कुठली? मी सांगितलं, समाजकल्याणची. शेड्यूल्ड कास्टच्या मुलांना परदेशात शिकायला मिळते ती. लपवायचं काय त्यात? काका म्हणाले, "व्हेरी गुड, व्हेरी गुड." काकूंनी माझ्या हातातलं लाटणं घेतलं.

"राहू दे गं. तू अभ्यासाची मुलगी. बैस तू."

मी बसले. माझी पाटोडी बेसमेंटमध्ये गेली ते दिवाळीचं पॉटलक त्यानंतरचं.

पुढच्या प्रत्येक सणाला काकूंचा फोन यायचा. "तू पेपर प्लेट्स आण. आणि बर्फ. स्टुडंट आहेस, कशाला कुकिंगचा त्रास?" आवाजात साखर. मी प्लेट्स आणायचे. नॅपकिन्स आणायचे. थंडीत बोटं बधिर झालेली आणि हातात बर्फाची पिशवी. संक्रांतीला पुण्याहून नुकताच आलेला एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी होता. तोही स्टुडंटच, त्यालाही त्रास नको म्हणायला हवं होतं. त्याला काकूंनी कोशिंबीर सांगितली. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "यार, मीठच विसरलो मी." टेबलावर मात्र त्याचं कौतुक चाललेलं. मुलगा असून केली हो! कोशिंबीर संपली.

त्या दिवशी कळलं. खरं तर आधीच कळलं होतं. त्या दिवशी कानाडोळा करायचंही त्राण उरलं नाही.

माझी आई सरकारी दवाखान्यात आया होती. बाळंतिणींचं सगळं तिनं काढायचं, पण तिच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही. घरून तांब्या आणायचे. तिला ते तोंडावर सांगायचे, आणि तीही कधीकधी तोंडावर शिवी हासडायची. मला कुणी काही सांगितलंच नाही. मायेनं बोलणाऱ्या बाईला शिवी कशी देणार? समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं ह्यांचे आजोबा म्हणत असतील. हे समुद्र ओलांडून आले, काही बुडालं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

वर्गात तेव्हा साथीच्या रोगांचा विषय चालू होता. प्रोफेसरांनी एक उदाहरण सोडवायला दिलं. चर्चमध्ये जेवण झालं, लोक आजारी पडले, कुणी काय खाल्लं ते विचारा आणि दोष कुठल्या भांड्यात होता ते शोधा. वर्ग मजेत कामाला लागला. मला हसू आलं. आमच्या मराठी मंडळींत माझ्या हातचं खाऊन कुणी आजारी पडायची सोयच नव्हती.

आणि माझा प्रबंध कशावर? ह्याच घरांच्या खाण्यावर. इथे आल्यावर आपल्या लोकांचं खाणं कसं बदललं, शुगर का वाढते. माहिती घ्यायला घरं काकूंनीच मिळवून दिली होती. सोफ्यावर बसायचं आणि विचारायचं, काल सकाळपासून काय काय खाल्लं? बायका सांगायच्या, मी लिहून घ्यायचे. त्यांचं खाणं लिहायला माझा हात चालत होता. माझ्या गाईड, वयस्कर अमेरिकन बाई, खूश होत्या. म्हणायच्या, तुझे लोक तुझ्यासाठी दार उघडतात.

गुढीपाडव्यासाठी फोन आला. प्लेट्स आणि बर्फ.

मी म्हटलं, "काकू, मी पाटोडी आणते."

"अगं नको, जेवण खूप होतंय."

मी पाटोडी केली. बेसन घोटताना हात दुखले, रस्सा मुद्दाम कमी तिखट केला. भांडं टॉवेलमध्ये गुंडाळून, प्लेट्सही घेऊन बसनं गेले, भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि झाकण काढलं. काकू हसत आल्या, भांड्याला हात घातला. मी माझा हात वर ठेवला.

"काकू, हे खाली जाणार नाही. इथंच राहील."

काका मला बाजूला घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, आपण अमेरिकेत असलं काही मानत नाही. तू उगाच पर्सनली घेतेस. तुझा सर्व्हे ह्याच घरांतून पुरा व्हायचाय ना?"

"मानत नसाल तर वाढून घ्या, काका."

"मला ॲसिडिटी आहे गं."

कुणीच घेतलं नाही. पुण्याचा तो विद्यार्थी आपल्या ताटात बघत राहिला. एका छोट्या मुलीनं बोट दाखवलं. "मॉम, कॅन आय ट्राय दॅट?" आई म्हणाली, "नो बेटा, टू स्पायसी."

मी माझीच आणलेली प्लेट घेतली, भरून वाढलं आणि सगळ्यांसमोर उभ्यानं जेवले. प्लेट संपवली. भांडं उचललं आणि निघाले. बसस्टॉपवर रडले, खोटं कशाला सांगू. थकवा इतका होता की राग यायला दोन दिवस लागले.

मग सर्व्हेच्या घरांतून फोन सुरू झाले. आमच्याकडे पाहुणे येणारेत. आम्हाला वेळ नाही. आम्ही डिसाइड केलंय की पार्टिसिपेट नाही करायचं. एकेक करत अर्ध्याहून जास्त घरं बंद झाली. काकूंचा फोन आला नाही. त्यांना करायची गरज नव्हती.

गाईडना सगळं सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं, वाईटही वाटलं त्यांना. मग म्हणाल्या, "लिही, घरांनी माहिती दिली नाही, कारण अज्ञात. सगळे असंच लिहितात. जात वगैरे इथे कुणाला कळणार? प्रबंध तपासणारी कमिटी पुरावा मागेल."

मी रूमवर आले. टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातला. कारण अज्ञात नव्हतं. माझ्या आईला माहीत होतं, मला माहीत होतं, त्या प्रत्येक घराला माहीत होतं. मी टाइप केलं: ह्या घरांनी माहिती देणं थांबवलं, कारण माहिती घेणाऱ्या बाईची जात.

गाईडनी ते पान वाचलं. म्हणाल्या, असं ठेवलंस तर एक सेमिस्टर वाढेल, आणि कमिटी पास करेलच असं नाही. तेवढं एक वाक्य काढून टाक.

मी सांगितलं, पुराव्याला मी स्वतः उभी राहीन. वाक्य निघणार नाही. ते काढून मिळणारी डिग्री मला नको.