न थांबणारे रेणू

पुण्यातल्या प्रयोगशाळेत मी सहा वर्षं लेझरनं रेणू गार करत होते, आणि वडिलांनी आमच्या निरगुडसर गावभर सांगितलं होतं की पोरगी कोल्ड स्टोरेजात मोठी साहेब आहे. त्यामुळे यात्रेला आले की कुणी ना कुणी बटाट्याला कोंब का फुटतात ते विचारायचं. बटाट्यातलं मला ओ की ठो कळत नाही. रेणूंतलंही फार कळत होतं असं नाही, पण ते कुणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी मी पीएचडी सोडायचं ठरवून आले होते. वडिलांना ते सांगायला तोंड उघडत नव्हतं.

यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटावर वडिलांनी मला थेट निवेदकाच्या मांडवात नेलं. त्यानं माईक पुढे केला. "ताई, तुमी नक्की करता काय, सांगा गावाला."

रेणू म्हणजे काय इथून सुरुवात केली असती तर फायनल हुकली असती. म्हटलं, "पळत्या बैलाला समोरून चुरमुरे मारायचे. एकानं काय होत नाही, हजारो मारले की वेग उतरतो. आमचे चुरमुरे उजेडाचे, आन् बैल डोळ्याला न दिसणारे. रेणूचा वेग उतरला की तो गार झाला."

"मग थांबला का बैल?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

वडील छाती काढून उभे होते. थाप सहज मारता आली असती.

"न्हाई. रेणू नुसता पळत नाय, गिरक्या घेतो, थरथरतो. मधेच थरथर बदलली की आमचा चुरमुरा त्याला लागतच नाय. सहा वर्षांत एक थांबला न्हाई. म्हणून सोडून आले."

घाटभर शिट्ट्या झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांनी माईक हिसकावला.

"राव, माझा गाडा बारा वर्षं या घाटात पळतोय. नंबरात आला का कधी?"

"न्हाई!" सगळा घाट ओरडला.

"मग मी बैलं इकली का?"

"न्हाई!"

घरी आल्यावर आईनं कपाळावर हात मारला. "आवं, व्यापाऱ्याला सोमवारी बोलावलंय की तुमी बैलं न्यायला!"

वडील गावासमोर बोलून बसले होते.

सोमवारी व्यापारी टेम्पो घेऊन आला. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि मान हलवून नाही म्हणाले. मग माझी बॅग त्यांनीच उचलून त्या रिकाम्या टेम्पोत ठेवली आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "मोकळा कशाला जातो? हिला मंचरला पुण्याच्या यष्टीवर सोड."