थंडावलेला माल

किळस येते मला त्या दिवसाची. अन् त्याहून जास्त माझी स्वतःची.

तुकईथड गावाकडच्या रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं अन् माल तपासायचं काम माझ्याकडे होतं. रस्त्याच्या टोकाला माझ्या धाकट्या बहिणीचं सासर. खड्ड्यांत दणके बसून केळी काळी पडतात म्हणून ट्रकवाले त्यांच्या मळ्यापर्यंत यायलाच तयार नसत. "आता माझा भाऊच आहे कामावर, रस्ता पक्काच होणार," असं ती गावभर सांगत सुटली होती.

डांबर-खडीचा पहिला डंपर सकाळीच आला, वाफाळता. पण आमच्याकडे पाहुण्याच्या हातून नारळ फुटल्याशिवाय माल खाली पडत नाही. पाहुणे उगवले दुपारी. मग हार, फोटो, भाषण! डंपरची कुणाला पडलीय? मी ताडपत्रीखाली थर्मामीटर खुपसला, तर माल पार थंडावलेला. डांबर गरम असतं तोवर पातळ असतं, खडी त्यात एकमेकींवरून घसरून नीट बसते. थंडावलं की ते आळलेल्या पाकासारखं घट्ट होतं. मग रोलर कितीही फिरवा, आत पोकळ्या राहतातच.

रोलर चालवणारे म्हातारे काका मला म्हणाले, "साहेब, हा माल मेला. वापस पाठवा."

ठेकेदाराचा माणूस फिदीफिदी हसला. "काका, तुम्ही गप बसा हो. थोडं डिझेल मारा, लोण्यासारखं दबेल."

अन् मारलं की! शी! तो वास अजून नाकातून जात नाही. डिझेलनं खडी सरकते, खोटं नाही. पण डांबराची पकडच जाते. रोलर सुळसुळ फिरला, रस्ता काळाभोर दिसायला लागला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या एका 'नाही'नं तो डंपर परत गेला असता. मी काय केलं? पेढा खाल्ला. काकांनी मात्र घेतला नाही.

पावसाळा सरल्यावर बहिणीकडे गेलो. उखडलेल्या खडीवरून मोटरसायकल दोनदा घसरली. ओट्यावर डागाळलेल्या केळीचे घड पडले होते. ट्रक पुन्हा यायचे बंद झाले होते. तिनं चहा ठेवला, घरची खुशाली विचारली. शेवटी मलाच राहवलं नाही. "गावात लोक काय म्हणतात गं?"

"काही नाही भाऊ," ती कप पुढे करत म्हणाली. "मी सांगून टाकलंय सगळ्यांना, त्या दिवशी तू सुट्टीवर होतास."